१९६३ची ब्युइक रिव्हिएरा : नवख्याने कामाला कुठून सुरुवात करावी

मिशिगनमध्ये मोटार उद्योगात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला जुनी अमेरिकी गाडी बाळगावीशी वाटली तर त्यात नवल नाही, कारण इथे उन्हाळ्यात शनिवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडले तरी वाटेत साठीच्या दशकातली एखादी गाडी हमखास भेटते. मी मूळचा कोल्हापूरचा. घरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती आणि तिचा कार्ब्युरेटर उघडून साफ करायला मी दहावीच्या सुट्टीत शिकलो होतो. तेवढ्या भांडवलावर नऊ वर्षांपूर्वी मी १९६३ सालची ब्युइक रिव्हिएरा विकत घेतली. या गाडीने मला जे शिकवले त्यातले बरेचसे मी चुकीच्या क्रमाने शिकलो, आणि हे लेखन मुख्यतः त्या क्रमाविषयी आहे.

गाडी घेण्यापूर्वी तिचा थोडा इतिहास माहीत असावा, कारण त्याचा खर्चाशी थेट संबंध येतो. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांच्या देखरेखीखाली या दोन दरवाजांच्या कूपेचा आराखडा तयार झाला, तो ‘ला सॅल’ या नावाचे, म्हणजे कंपनीच्याच कॅडिलॅक विभागाच्या एका जुन्या जोड-ब्रँडचे, पुनरुज्जीवन करावे या कल्पनेतून. कॅडिलॅकने रस दाखवला नाही, तेव्हा कंपनीच्या इतर विभागांमध्ये चढाओढ लागली आणि गाडी ब्युइकच्या वाट्याला आली. पहिल्या वर्षी मुद्दाम ४०,००० गाड्याच बनवल्या गेल्या. तिचा पत्र्याचा सांगाडा दुसऱ्या कोणत्याही मॉडेलशी सामाईक नव्हता. इंजिन मात्र इतर मोठ्या ब्युइक गाड्यांतही बसत असे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की इंजिनाचे सुटे भाग आजही फारशी धावपळ न करता मिळतात, पण मागच्या फेंडरचा पत्रा किंवा समोरच्या जाळीचा एखादा तुकडा मिळवण्यासाठी वर्ष-वर्ष वाट पाहावी लागते. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर बंद पडलेल्या इंजिनाला घाबरू नये. सडलेल्या पत्र्याला मात्र जरूर घाबरावे.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि पत्र्याचा खरा शत्रू तेच आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि ज्या गावाने गाड्या घडवल्या त्याच गावाखालच्या मिठाने त्या खाव्यात, हा योगायोग मला अजूनही गमतीचा वाटतो. तपासणीला जाताना एक साधा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्यावा आणि तो दरवाजांच्या खालच्या कडांवर, मागच्या चाकांच्या कमानींवर व मागच्या काचेखाली हळूहळू फिरवावा. जिथे त्याची पकड सुटते तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. डिकीतला गालिचा उचलून तळ पाहावा. या गाडीची चासी इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची असून तिला दोन्ही बाजूंनी आधार देणारे उभे दांडे नाहीत, त्यामुळे जॅक लावताना दरवाजाखालच्या पट्टीचा आधार कधीही घेऊ नये, ती दबते. विक्रेत्याने तिथेच जॅक लावलेला दिसला, तर त्याने बाकीची देखभाल कशी केली असेल याचाही अंदाज येतो.

आता माझी पहिली चूक. गाडी घरी आली त्याच हिवाळ्यात मी उत्साहाच्या भरात आसने, दरवाजांची आतली आवरणे, क्रोमच्या पट्ट्या आणि दोन्ही बंपर उतरवले. फोटो काढले, पण पुरेसे नाहीत. स्क्रू एका मोठ्या डब्यात टाकले आणि आपल्याला सगळे आठवेल अशी स्वतःची समजूत घालून घेतली. बंपर एका क्रोमिंग करणाऱ्याकडे दिले. त्याने सहा आठवडे सांगून चौदा महिने लावले आणि घासाघाशीत मूळच्या धारदार कडा गोल करून परत दिले. एवढा काळ गॅरेजमध्ये जे उभे होते त्याला गाडी म्हणणे कठीण होते. नवखे लोक विकायला काढतात ते अर्धवट प्रकल्प बहुतेक याच अवस्थेतले असतात : सांगाडा एकीकडे, डबे दुसरीकडे, आणि कोणता स्क्रू कुठला हे सांगणारे कोणी नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की गाडी पहिली दोन वर्षे तरी चाकांवर आणि चालती ठेवावी, एका वेळी एकच यंत्रणा उघडावी आणि ती बंद केल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. काढलेला प्रत्येक भाग आपल्या स्क्रूंसह वेगळ्या पिशवीत ठेवून तिच्यावर तारीख व जागा लिहावी.

सर्वांत आधी ब्रेक. १९६३च्या रिव्हिएराला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढचे ड्रम अॅल्युमिनियमचे, पंख्यासारख्या पट्ट्यांचे आणि आतून बिडाचे अस्तर असलेले आहेत, आणि त्या काळाच्या मानाने ते उत्तम आहेत. अडचण वेगळीच आहे. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असल्यामुळे चारपैकी कोणत्याही एका ठिकाणी गळती झाली की सगळेच ब्रेक जातात. दोन स्वतंत्र कप्प्यांची व्यवस्था जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६७च्या मॉडेलपासून सरसकट आली. मला हे वाचून ठाऊक होते, तरीही पेडल घट्ट लागते आहे एवढ्यावर विसंबून मी एका मे महिन्यात गाडी गल्लीत काढली. दुसऱ्या वळणावर मागच्या चाकाच्या सिलिंडरचे रबर फुटले आणि पेडल थेट तळाला टेकले. पद्मिनीची सवय अशी, की हात आपोआप हँडब्रेक शोधू लागला आणि हाती लागला तो दोन आसनांच्या मधला गिअरचा दांडा. या गाडीचा पार्किंग ब्रेक डाव्या पायाने दाबायचा असतो, हे आठवेपर्यंत मी शेजाऱ्याच्या कुंपणाच्या झुडपात शिरलो होतो. वेग जेमतेम होता म्हणून निभावले. त्यानंतर चारही सिलिंडर, तिन्ही रबरी नळ्या आणि गंजलेल्या पोलादी नळ्या बदलल्या व दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला. मूळ स्वरूपाचा आग्रह धरणाऱ्यांना हा बदल खटकतो, पण या एका बाबतीत मी त्यांचे ऐकत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. आणि जुन्या ब्रेक शूंच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रम उघडल्यावर हवेचा झोत न मारता ती ओली करूनच पुसावी.

इंधनाचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. टाकी उतरवून धुवावी, आणि सर्व रबरी नळ्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोल सोसणाऱ्या असाव्यात, कारण त्या काळच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. बरीच वर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने धरून हाताने फिरवून पाहावे.

इग्निशनपाशी मात्र थांबले पाहिजे, कारण इथेच मला या गाडीचा खरा लळा लागला. कोल्हापुरातले आमचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे स्पार्क प्लगांना पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या भागाला, ‘डेल्को’ म्हणत आणि तो शब्द कुठून आला याचा मी कधी विचारही केला नव्हता. रिव्हिएराचे बॉनेट उघडून त्या भागावरची धूळ पुसली, तर ‘डेल्को-रेमी’ अशी अक्षरे दिसली. जनरल मोटर्सच्याच एका विभागाचे ते नाव. मिस्त्रींचा शब्द निम्म्या जगाचा प्रवास करून माझ्या गॅरेजमध्ये मला भेटला होता. या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात एक लहानशी पत्र्याची खिडकी आहे. ती वर सरकवून चालू इंजिनात षट्कोनी अॅलन की घालायची, इंजिन अडखळू लागेपर्यंत स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा आणि मग अर्धा फेरा मागे घ्यायचा, की पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, बरेचसे जुळतात. नेमकेपणासाठी पॉइंट किती अंश बंद राहतात ते मोजणारे ड्वेल मीटर लावून काटा ३० अंशांवर आणावा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात आणि तो चुकीचाही नाही. पण नवख्याने निदान एक वर्ष पॉइंट सांभाळावेत, कारण इंजिनाचा आवाज ऐकायला कान तिथेच तयार होतो.

गिअरबॉक्सबद्दल एक सावधगिरीची सूचना. रिव्हिएराच्या केवळ १९६३च्या मॉडेलमध्ये ‘डायनाफ्लो’ हा ब्युइकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. पुढच्या वर्षी त्याची जागा तीन गिअरच्या नव्या ऑटोमॅटिकने घेतली. डायनाफ्लो ड्राइव्हमध्ये गिअर बदलतच नाही. सगळे काम इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून पुढे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर करतो, त्यामुळे पाय दाबल्यावर आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी सावकाश, गुळगुळीतपणे त्या आवाजाला गाठते. मला वाटले गिअरबॉक्स घसरतो आहे, आणि मी तो दुरुस्तीला काढण्याच्या बेतात होतो. सुदैवाने एका जुन्या जाणकाराने शेजारी बसून चक्कर मारली आणि तो हसत म्हणाला, की गाडी पूर्ण निरोगी आहे, तिचा स्वभावच तसा आहे. यासाठी त्या काळचे कंपनीचे चासी मॅन्युअल आणि सांगाड्यासाठी फिशर बॉडी या जनरल मोटर्सच्या सांगाडे बनवणाऱ्या विभागाचे स्वतंत्र मॅन्युअल ही दोन पुस्तके गाडीच्या आधी घेतली तरी चालतील. सुटे भाग आणि सल्ला या दोन्हींसाठी रिव्हिएरा ओनर्स असोसिएशनचे सभासदत्व उपयोगी पडते, आणि ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एकदा तरी पायपीट करावी.

नेहमीच्या देखभालीत ऑइलची निवड महत्त्वाची. या ४०१ घनइंची, म्हणजे सुमारे ६.६ लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे टॅपेट, म्हणजे झडपा उघडायला लावणारे भाग, कॅमशाफ्टवर सपाट घासत चालतात आणि आजच्या पुष्कळ ऑइलांमध्ये जस्त व फॉस्फरसचे प्रमाण कमी केलेले असते. म्हणून जुन्या इंजिनांसाठी असलेले, जस्त जास्त असलेले ऑइलच वापरावे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबले जाण्याचे गुणोत्तर, १०.२५ इतके असल्याने पेट्रोल सर्वांत वरच्या ऑक्टेनचे भरावे. रंगाविषयी मी मुद्दामच थोडे लिहितो. तो शेवटी करायचा, आणि मूळचा अॅक्रिलिक लॅकर पॉलिशने उजळत असेल तर करायचाच नाही.

काचांचे काम मी सगळ्यात जास्त पुढे ढकलले. दरवाजांना काचेभोवती चौकट नाही आणि मधला खांबही नाही, त्यामुळे पुढची काच, मागची छोटी काच आणि छताचे रबर या तिघांची गाठ हवेतच जुळवावी लागते. काच बंद करून तिच्या व रबराच्या मध्ये कागदाची पट्टी धरायची आणि ओढून पाहायची. ती जिथे सहज निसटते तिथून पाणी आत येणार. प्रत्येक काचेला वर-खाली, आत-बाहेर आणि पुढे-मागे करणारे बोल्ट वेगवेगळे आहेत आणि एक हलवला की दुसरे बिघडते. डाव्या बाजूला मला चार रविवार लागले. उजवीकडे पट्टी अजून मागच्या कोपऱ्यात निसटते, म्हणून पावसाची शक्यता असेल त्या दिवशी मी त्या आसनाच्या मागे एक जुना पंचा घडी करून ठेवतो.