डेक चिकटवण्याआधी उलटा करून बघा

मी आधी प्लायवूडची कयाक बांधली होती, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी. तिचा डेक, म्हणजे वरचा बंद भाग, वरून आरशासारखा चकचकीत होता. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला पाय चिखलात रुतायला लागले, म्हणून कॉकपिटच्या (बसायच्या खोबणीच्या) मागे डेकवर बसलो आणि खालून कर्र असा आवाज आला. वर चिराही दिसेना. मागच्या झाकणातून हात घातला तर प्लायची कुसळं बोटांत घुसली. डेकला आतून फायबरचं कापड लावायचंच राहिलं होतं.

आता दुसरी बांधतोय, तर यादी लिहून ठेवतो. पावसाळ्यात सुरुवात करू नका. लाकूड दमट राहतं आणि एपॉक्सीवर (हार्डनर मिसळला की कडक होणाऱ्या गोंदावर) मेणचट थर येतो. दिवाळीनंतर करा, आणि तेव्हाही तसा थर दिसला तर आधी पाण्याने धुवा, मग पॉलिश पेपर. उलट केलंत तर तो मेणचटपणा लाकडात घासला जातो आणि पुढचा थर धरत नाही.

प्लाय ४ मिमी, मरीन, म्हणजे होडीसाठीचा, त्याच्या भारतीय मानकाचा, आयएस ७१० चा, शिक्का असलेला. शिक्क्यावर विसंबू नका, कडेने बघा. थरांत पोकळी दिसली तर तो शीट नको. शीट ८ फुटांचा, कयाक त्याहून लांब, म्हणजे तिरका जोड आला: दोन तुकड्यांच्या कडा उतरत्या तासून एकमेकांवर चिकटवायच्या. जाडीच्या आठपट उतार, म्हणजे ३२ मिमी. हा जोड कॉकपिटच्या मागे येऊ देऊ नका.

हातमोजे, मास्क, क्लॅम्प: आणा. वजनकाटा हवाच. हार्डनर अंदाजाने ओतू नका. जास्त घातल्याने एपॉक्सी जास्त कडक होत नाही, बिघडते.

आता आतली बाजू. डेकवर माणूस बसला की वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. प्लाय फाटतो तो खालून. तो ताण घ्यायला फायबरचं कापड खालीच हवं. वर दोन थर चढवले तरी खालची उणीव भरून निघत नाही, मी चढवले होते. कॉकपिटच्या मागे चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड आतून, उरलेल्या भागाला आतून एपॉक्सीचे किमान दोन हात. आणि ते पूर्ण कडक व्हायच्या आत डेकला बाक द्या, नंतर तो वाकणार नाही. दोरी-हूक जिथे बसणार तिथे खालून प्लायचे ठोकळेही आत्ताच चिकटवा. डेक बसला की तिथे हात पोचत नाही.

हलच्या, म्हणजे होडीच्या खालच्या भागाच्या, काठाची आतली पट्टी डेकच्या उताराला जुळेल अशी रंधून घ्या. सरळ पट्टी आडवी टाकून दर वीतभर अंतरावर तपासा, नाहीतर डेक नुसत्या कोपऱ्यावर टेकतो. कॉकपिटच्या मागे डेकला खालून टेकू देणारी एक कमान हवीच. आतल्या आडव्या भिंतीला २ मिमीचं भोक पाडा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात बंद कप्प्यातली हवा फुगते आणि सांधे उकलू शकतात.

मग डेक बसवून पट्टे आवळा, स्क्रू पितळी, बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. वरचं कापड, कॉकपिटची कड, अतिनील किरण अडवणारं व्हार्निश. पण गोंद कालवण्याआधी डेक उलटा करा, टॉर्च मारा आणि कापडावरून हात फिरवा. कापड हाताला लागलं नाही, तर गोंदाचा डबा उघडू नका.