परड्यातले किडे आणि कोळी: मॅक्रो फोटो कसे काढायचे

पाऊस ओसरला की बेळगावकडच्या खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही परड्यात फोटोजोगे जीव मिळतात. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा फुलपाखराचा लहान सुरवंट असतो. रुईवर पट्टेदार सुरवंट, वालाच्या शेंड्यावर मावा आणि त्याचं गोड पाणी चाटणाऱ्या मुंग्या, झेंडूत दबा धरून बसलेला खेकडा-कोळी, जाळ्यात पांढऱ्या धाग्यांची फुली विणून तिच्यावर पाय ताणून बसलेला सिग्नेचर कोळी. जंगलापेक्षा परडं सोयीचं, कारण आज दिसलेला जीव उद्याही तिथेच भेटतो. सिग्नेचर कोळी तर दिवसच्या दिवस जागा सोडत नाही. म्हणून पहिले दोन दिवस कॅमेरा घरातच ठेवा. कोण कुठे बसतो आणि ऊन तिथे कधी पोचतं, एवढं बघून ठेवा.

लेन्स

जीव सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटला तर त्याला १:१ म्हणतात. नवी मॅक्रो लेन्स घ्यायची असेल तर ९० ते १०५ मिमीची घ्या. १:१ वर तिचं तोंड किड्यापासून १३-१५ सेंमी लांब राहतं आणि तो बिचकत नाही. ५० किंवा ६० मिमीच्या लेन्सला फारच जवळ जावं लागतं आणि तिची सावलीही किड्यावर पडते.

स्वस्त मार्गही चांगले आहेत. साध्या ५० मिमी लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे बिनकाचेची पोकळ नळी, लावा. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ (तिच्यावरचा मिमीचा आकडा) एवढं मोठेपण वाढतं, म्हणजे ३६ मिमीच्या ट्यूबने सुमारे ०.७ पट. लेन्सचं स्वतःचं थोडं मोठेपण त्यात मिळवायचं. ५५-२५० सारखी झूम लेन्स असेल तर तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग अडकवा. त्याची ताकद ८ डायऑप्टर आहे, त्यामुळे २५० मिमीवर दुप्पट मोठेपण मिळतं. मात्र जीव भिंगापासून सुमारे १२ सेंमीवरच स्पष्ट दिसतो, पुढे-मागे काही नाही. मोबाइलवर क्लिपचं भिंग मुख्य कॅमेऱ्यावर लावा. फोनमधल्या वेगळ्या ‘मॅक्रो’ कॅमेऱ्याचा सेन्सर अनेकदा अगदी लहान असतो.

उजेड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

महागड्या लेन्सवर कडक उजेडात काढलेल्या फोटोपेक्षा साध्या ट्यूबवर मऊ उजेडात काढलेला फोटो सरस ठरतो. भुंग्याची पाठ आणि मुंगीचं डोकं आरशासारखं चकाकतं. उघडा फ्लॅश मारला की त्यावर पांढरे डाग पडतात आणि तिथला तपशील कायमचा जातो. उजेडाचा पृष्ठभाग जेवढा मोठा आणि जीवाच्या जेवढा जवळ, तेवढा तो मऊ. डिफ्यूझरचं, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणाऱ्या पडद्याचं, सगळं शास्त्र एवढंच.

तो घरीच करता येतो. लग्नपत्रिकेच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. फ्लॅशच्या डोक्याकडे ८ सेंमी आणि पुढे २० सेंमी रुंद होणारी पन्हळ कापा. कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत पोचेल एवढी तिची लांबी ठेवा. आतून स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉईल चिकटवा. फ्लॅशपुढे ४ सेंमीवर ट्रेसिंग पेपरचा एक थर लावा. दुसरा थर पुढच्या तोंडावर, किड्याच्या डोक्यावर छत्रीसारखा वाकलेला असू दे. दोन्हींमध्ये ५-६ सेंमी मोकळी जागा हवीच. थर एकमेकांना चिकटले तर उजेड मधोमधच साचतो आणि दुसरा थर लावून काही उपयोग होत नाही. नव्या ताटल्यांमध्ये येणारी पातळ पांढरी फोमची शीटही चालते.

काम जमलं का, हे उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत दिसतं. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांत टाचणीएवढा तीव्र ठिपका असेल तर डिफ्यूझर लहान किंवा लांब आहे. रुंद, कडेला विरत जाणारा उजेड दिसला की समजा जमलं.

आकडे आणि फोकस

मॅन्युअल मोडवर शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/११ (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ २०० आणि फ्लॅश १/८ ताकदीवर, इथून सुरुवात करा. फोटो काळा आला तर फ्लॅश वाढवा, शटरला हात लावू नका. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागातच संपतो. हाताची थरथर तोच गोठवतो, त्यामुळे ट्रायपॉड लागत नाही.

१:१ वर एफ/११ चा परिणाम जवळपास एफ/२२ सारखा होतो. निकॉनवर मॅक्रो लेन्स लावली की हा बदललेला आकडा दिसतो, कॅननवर मूळचाच दिसत राहतो. एफ/११ ला एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर फोकसमध्ये येणारी जाडी १ मिमीपेक्षाही कमी असते. ती वाढवायला एफ/२२ लावाल तर लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो (विवर्तन) आणि सगळाच फोटो मवाळ होईल.

ऑटोफोकस बंद करा. हवं ते मोठेपण लेन्सवर पक्कं करा आणि मग अंगानेच मिलिमीटरभर पुढे-मागे व्हा. डोळे स्पष्ट झाले की श्वास सोडता सोडता बटण दाबा. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा. मग वारा आला तरी कॅमेरा आणि किडा एकत्रच हलतात. ही युक्ती अंगवळणी पडली की निम्मे फोटो वाचतात. कोळी जाळ्यात असेल तर फांदीला हात नको. तिथे सेन्सर जाळ्याला समांतर धरा, म्हणजे पायांची टोकंही स्पष्ट येतील.

मागची बाजू काळीकुट्ट आली तर घाबरू नका. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून लांबचं काही उजळत नाही. किड्यामागे हातभर अंतराच्या आतच एखादं अळूचं किंवा केळीचं पान येईल असा कोन शोधा.

वेळ

डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवल्यापासून पहिला तासभर सर्वांत चांगला. थंडीने गारठलेले चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) दव अंगावर घेऊन काड्यांवर निवांत बसलेले असतात. अंग तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही. फोकस किंचित सरकवत दहा-पंधरा फोटो काढायचे आणि ते संगणकावर जोडायचे, हे स्टॅकिंग अशा वेळीच साधतं. दुपारी जिवंत किड्यावर ते करू जाणं म्हणजे वेळ वाया.

रात्री आठनंतर बॅटरी कपाळाशी धरून जमीन न्याहाळा. लांडगा-कोळ्यांचे डोळे हिऱ्यांसारखे चमकतात. बॅटरी कमरेशी धरली तर ती चमक दिसत नाही, कारण उजेड आला त्याच वाटेने परततो. खानापूरच्या बाजूला फुरसं हा विषारी साप असतो, तेव्हा बूट घाला आणि पाचोळ्यात गुडघा टेकण्याआधी काठीने चाचपा.

आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर त्यांचे पाय मोजून बघा. पुढचे पाय मिशांसारखे हलवणारी आठ पायांची ‘मुंगी’ भेटली तर तो मुंगीचं सोंग घेणारा कोळी आहे. असा फोटो परड्यातच मिळतो, याचं फार अप्रूप वाटतं.

किड्याला फ्रीजमध्ये गारठवणं, डिंकाने चिकटवणं किंवा जाळं दिसावं म्हणून त्यावर पीठ भुरभुरवणं हे कधीच करू नका. पिठाने जाळ्याचा चिकटपणा जातो आणि कोळी उपाशी राहतो. केसाळ सुरवंटाला बोट लावू नका, अंगावर गांधी उठतात.

पावसाळ्यात लेन्स

जून ते सप्टेंबरच्या ओलाव्यात लेन्समध्ये बुरशी धरते आणि काचेवर कोळिष्टकासारख्या रेघा उमटतात. कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स आधी जाते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे निळे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी लेन्सच्या कड्यांत जाते. निळे दाणे गुलाबी झाले की ते जुन्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून तो तवा परत भाकरीला वापरू नका.