पाणी ३९ फुटांवर येण्याआधी: पूरग्रस्तांच्या निवाऱ्याची तयारी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. करवीर-शिरोळच्या नदीकाठच्या गावांनी निवाऱ्याची तयारी इशारा पातळीआधीच पुरी करावी. त्यानंतर एकेक रस्ता पाण्याखाली जाऊ लागतो आणि सामान पोहोचवायला वाट उरत नाही.

सुरुवात गोठ्यापासून करा. दावणीला म्हैस असली की माणूस घर सोडत नाही. जनावरांची सोय ठरलेली नसेल तर कितीही दवंडी पिटा, काही घरे मागे राहतातच आणि मग त्यांना बोटीने काढावे लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसे बसलेली बोट उलटली आणि त्यात जीव गेले. ती वेळच येऊ देऊ नका. निवाऱ्याजवळ उंचावर जागा पक्की करा. मोठ्या जनावरामागे दिवसाला किमान ५-६ किलो वाळली वैरण आणि ४०-५० लिटर पाणी धरा. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक मालकाच्या नावापुढे लिहून ठेवा, म्हणजे पुढे भरपाईच्या वेळी वाद होत नाहीत.

माणसांची यादी आशा सेविका आणि पोलीस पाटील यांनी मिळून घरनिहाय करावी. दिवस भरत आलेल्या गरोदर बाया, डायलिसिसचे, इन्सुलिनचे आणि टीबीचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेली माणसे ही नावे वेगळी काढा. यांना सगळ्यांच्या आधी हलवायचे, सोबत पंधरा दिवसांची औषधे द्यायची. डायलिसिसचा रुग्ण शाळेत ठेवून भागत नाही, त्याला रुग्णालयाच्या बाजूलाच नेले पाहिजे.

आता पाणी. चहूकडे पूर असतो आणि नेमके प्यायचे पाणी सर्वांत आधी तुटते, कारण उपसा केंद्रेच बुडतात. माणशी दिवसाला १५ लिटर धरा. २०० माणसांना रोज ३,००० लिटर, तीन दिवसांचा साठा ९,००० लिटर. हा साठा टाक्यांत आधीच भरलेला हवा. गढूळ पाण्यात थेट टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू नका, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचे पाणी काढा. मग १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसल्यावर वरची निवळी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी, करा; रंग पिवळा आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा तपासा. उघड्या, ओलसर पोत्यातल्या टीसीएलचा जोर गेलेला असतो, म्हणून यंदाचे बंद पोतेच घ्या.

संडास सुरुवातीला ५० माणसांमागे एक, मुक्काम लांबला तर २० मागे एक. बायकांचे वेगळे, आतून कडी आणि रात्री दिवा असलेले. दिवा नसला तर बाया संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. सॅनिटरी पॅडबरोबर ते टाकायला झाकणाचा डबाही ठेवा.

पहिल्या दिवशी चुरमुरे, फुटाणे, चिक्की, बिस्किटे. पुढे माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल. २०० जणांना ८० किलो, १२ किलो आणि ५ किलो. सिलिंडर आणि जनरेटरचे डिझेल आधीच आणून ठेवा. २०१९ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता. तान्ह्या बाळांसाठी पावडरचे दूध सरसकट वाटू नका; अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या बाटलीने हगवण लागते. आईला अंगावर पाजायला आडोसा द्या.

ओआरएस भरपूर ठेवा. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) प्रतिबंधक गोळी डॉक्टरांनी तपासूनच द्यावी. बाहेरून मदत विचारणाऱ्यांना जुने कपडे पाठवू नका असे स्पष्ट सांगा. भिजलेल्या ढिगाला जागा जाते आणि निवडायला माणसे लागतात. नवी आतली वस्त्रे, सतरंज्या, ब्लँकेट, बादल्या, साबण मागा.

घरी परतताना प्रत्येक कुटुंबाला एकच गोष्ट बजावा: चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा आणि तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी नाव नोंदवा.