तान्ह्या बाळाची नखं कापताना या चुका टाळा

तान्ह्या बाळाच्या गालावर सकाळी ओरखडा दिसला की घरात दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, आजच नखं कापा. आजी म्हणतात, सव्वा महिना होईपर्यंत नखांना हात लावायचा नाही. मग भीतीपोटी आठवडा जातो आणि तोवर दोन्ही गाल, नाक, कधी पापणीसुद्धा ओरबाडली जाते.

सव्वा महिना थांबायला वैद्यकीय कारण नाही. नखं पोटात असतानाच वाढलेली असतात. दिवस भरूनही जन्म लांबलेल्या बाळाची तर जन्मतःच बोटाच्या पुढे आलेली दिसतात. ती कागदासारखी पातळ असतात, वाकतात, पण कडा चांगल्याच बोचतात. हाताची नखं आठवड्यातून एकदा तरी बघावी लागतात, काही बाळांची दोनदा. तरीही आजींच्या म्हणण्यात घेण्यासारखं काहीतरी आहे. पहिल्या काही आठवड्यांत नखाची कड खालच्या कातडीला इतकी चिकटलेली असते की कात्री चालवणं खरंच अवघड जातं. तेव्हा बाळांसाठी मिळणाऱ्या बारीक पट्टीने नखं हलकेच घासावीत. एकाच दिशेने घासायचं, पुढे-मागे नाही. नखाची बोचणारी कडही जाते आणि घरातला वादही मिटतो.

बोट न दाबताच कापणं

रक्त येण्याच्या बहुतेक प्रसंगांमागे हीच चूक असते. लोक महागडं नेलकटर शोधत बसतात, पण जखम टळते ती बोट धरण्याच्या पद्धतीने.

मोठ्या माणसाच्या नखाच्या टोकाखाली थोडी मोकळी जागा असते. बाळाच्या नखाखाली ती नसल्यासारखीच, म्हणून वरून नख पुढे आलेलं दिसलं तरी कटरच्या तोंडात कातडीही येते. त्यासाठी एका वेळी एकच बोट अंगठा आणि तर्जनीत घट्ट पण अलगद धरा. बोटाच्या टोकाचा मांसल भाग तर्जनीने खाली, नखापासून लांब ओढा. नखाची कड आणि कातडी यांच्यामध्ये फट दिसली की मगच कापा. फट दिसत नसेल तर ते बोट आज सोडून द्या. आणखी दोन दिवसांनी ते नख सोपं होईल.

एका दाबात अख्खं नख उडवायला जाऊ नका. बोटाच्या गोलाईप्रमाणे दोन-तीन बारीक काप घ्या आणि थोडी पांढरी कड राहू द्या. अगदी मुळाशी गेलात तर जिव्हाळी लागते, आणि कोपरे खोल कोरले तर पुढे नखुरडं होण्याची भीती असते.

बाळ मूठच उघडत नाही, ही तक्रार बहुतेक आया करतात. तळहाताला काही लागलं की मूठ मिटायची, ही नवजात बाळाची उपजत प्रतिक्रिया आहे. आपण तळव्यात बोट घालून मूठ उघडायला जातो आणि ती आणखी आवळते. त्याऐवजी हाताच्या पाठीवरून, मनगटाकडून बोटांकडे हळू कुरवाळा. बोटं बऱ्याचदा आपणहून सैल होतात.

चुकीची वेळ

मालिश झाल्याबरोबर नखं कापायला घेऊ नका. तेलाने बोट निसटतं. अंघोळीनंतर नखं मऊ झालेली असतात, तेव्हा हात नीट पुसून कापा. त्याहून चांगली वेळ म्हणजे दूध पिऊन बाळ गाढ झोपल्यावर. त्याचा हात किंचित उचलून सोडा. तो सैल पडला तर झोप पक्की आहे.

दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत हा घरोघरचा नियम इथे जरूर पाळावा. खिडकीशी, भरपूर उजेडात बसा. बाळ जागं असेल तर एकाने मांडीवर धरावं आणि दुसऱ्याने कापावं. दहाही बोटं एकाच बैठकीत झाली पाहिजेत असं मुळीच नाही. चार झाली आणि बाळ चुळबुळू लागलं, तर तिथेच थांबा.

दाताने कुरतडणं

हे प्रेमाने केलं जातं, म्हणूनच कुणी अडवत नाही. आईला वाटतं की कात्रीपेक्षा आपले दात बरे. पण दाताने नख किती तुटतंय ते दिसत नाही, कड वेडीवाकडी फाटते आणि बोटाला बारीक चीर पडते. त्या चिरेतून तोंडातले जंतू आत जातात. ओठावर ‘जर’, म्हणजे हर्पीस विषाणूमुळे येणारे पाणीदार फोड, फुटलेली असताना हे करणं तर फारच धोक्याचं. मोठ्यांना किरकोळ वाटणारा तो विषाणू नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कारण सांगून थांबवा. नुसतं ‘तसं करू नका’ म्हटलं की वाईट वाटतं.

नख बोटाने सोलून काढणंही तसंच. ते कुठवर फाटत जाईल याचा नेम नसतो.

ब्लेड आणि घरचं कटर

जुन्या सवयीने अजूनही काही घरांत ब्लेडने नखं काढतात. कितीही सरावाचा हात असला तरी बाळ कधी हात झटकेल ते सांगता येत नाही. बाळाचं छोटं नेलकटर किंवा बोथट गोल टोकाची कात्री वेगळी ठेवा. ती साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा आणि मोठ्यांच्या नखांना वापरू नका.

हातमोजे चोवीस तास

नखं कापण्याऐवजी मोजे घालून ठेवणं हा उपाय नाही. बाळ हात तोंडाकडे नेतं ते भूक सांगायला, आणि स्पर्शातूनच ते शिकतं. शिवाय मोज्याच्या आतला सुटा धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळंतपणानंतर आईचे गळणारे केसही असेच अडकतात. मोजे घालण्याआधी उलटे करून बघा. बाळ कारण नसताना किंचाळत असेल तर हातापायाची बोटं एकेक तपासा. सुजलेलं, लाल-निळं बोट आणि मुळाशी काचल्याची रेघ दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

पायाची नखं हळू वाढतात. महिन्यातून एक-दोनदा, सरळ रेषेत कापली की झालं.

रक्त आलंच तर

घाबरून बोट सारखं पुसत राहू नका. स्वच्छ गॉज किंवा मऊ धुतलेलं फडकं बोटावर धरून काही मिनिटं सलग दाबा, मध्येच उचलून बघू नका. बहुतेक वेळा एवढ्याने रक्त थांबतं. हळद, कॉफी पावडर, टाल्कम पावडर काही भरू नका. चिकटपट्टीही लावू नका. बाळ बोट चोखतं, ती सुटून घशात अडकू शकते.

दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा. जन्मतः व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं नसेल तर ते त्यांना आवर्जून सांगा, कारण हे व्हिटॅमिन कमी असेल तर रक्त नीट गोठत नाही. पुढचे दोन-तीन दिवस बोटावर लक्ष ठेवा. नखाभोवती लाली, सूज किंवा पू दिसला तर घरी फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा.