ओमाहात दमदार पाने येऊनही डाव हातचा जातो? या चुका टाळा

मुंबईत बहुतेकांचा हात दिवाळीतल्या तीन पत्तीवर आणि घरच्या रमीवर बसलेला असतो. ओमाहा या पोकरच्या प्रकारात चार पाने हातात आल्यावर पहिली चूक होते ती याच सवयीमुळे. एक्का-एक्का-एक्का-नऊ अशी पाने दिसली की तीन पत्ती खेळणाऱ्याला ती ट्रेल वाटते आणि तो लगेच रेझ करतो, म्हणजे बेट वाढवतो. पण ओमाहात हातातली नेमकी दोन आणि टेबलावरच्या सामाईक पानांपैकी नेमकी तीन घेऊनच डाव मांडावा लागतो. त्यामुळे तिसरा एक्का वाया तर जातोच, शिवाय सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचे तिसरे पान) लागायला गड्डीत एकच एक्का शिल्लक राहतो. अशा पानांवर मोठा पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) उभारू नये. याच नियमाने, टेबलावर चार इस्पिक असले आणि आपल्याकडे इस्पिकचा एक्का एकटाच असला, तर आपला फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) होत नाही. नवखे खेळाडू नेमके इथे सगळ्या चिप्स घालून बसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र दोन एक्क्यांची आहे. होल्डेममध्ये, म्हणजे हातात दोनच पाने येणाऱ्या पोकरमध्ये, एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, तर चार पानांच्या ओमाहात सुमारे ४० डावांत एकदा. म्हणजे तिचे अप्रूप होल्डेमइतके राहत नाही. त्यातही सोबतची दोन पाने कोणती, यावर सगळे अवलंबून असते. इस्पिक एक्का, बदाम एक्का, चौकट सत्ता आणि किलवर दुरी अशी पाने दहा-नऊ-आठ-सात या डबल सुटेड पानांसमोर, म्हणजे दोन-दोन पाने एकाच चिन्हाची असलेल्या हातासमोर, जेमतेम बरोबरीची ठरतात. याउलट एक्का-एक्का-गुलाम-दहा डबल सुटेड हा खेळातल्या सर्वोत्तम हातांपैकी एक आहे.

मग साधे एक्के आल्यावर पुन्हा रेझ करावा की नुसता कॉल, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स घालणे? हे स्टॅक, म्हणजे खेळाडूंकडे उरलेल्या चिप्स, पाहून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. पॉट-लिमिटमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त पॉटएवढाच रेझ करता येणाऱ्या खेळात, ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी घालायच्या चिप्स) १० आणि २० चिप्सचे असून समोरच्याने ७० चा रेझ केला, तर तुम्हाला जास्तीत जास्त २४० पर्यंत जाता येते. त्याने कॉल केला आणि ब्लाइंडवाल्यांनी पाने टाकली, तर पॉट ५१० चा होतो. तुमच्याकडे सुरुवातीला ८०० चिप्स असतील, तर आता ५६० उरतात. जवळजवळ कोणत्याही फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांवर) त्या घालणे योग्य ठरते आणि समोरच्याला डावपेच लढवायला वावच उरत नाही. सुरुवातीला २,००० असतील, तर मात्र १,७६० चिप्स मागे राहतात, समोरच्याला तुमच्याकडे एक्के असल्याचा अंदाज आलेला असतो आणि त्याची पाने तुम्हाला ठाऊक नसतात. तुम्हाला त्याच्याआधी आपली चाल सांगायची असेल, तर अडचण आणखी वाढते. अशा वेळी नुसता कॉल करून फ्लॉप पाहणे शहाणपणाचे आहे.

फ्लॉप पाहिल्यावर एक्क्यांचा मोह सोडता न येणे, ही त्याला जोडूनच येणारी चूक. बदाम दश्शी, बदाम नव्वी आणि चौकट छक्की असा फ्लॉप आला, तुमच्याकडे इस्पिक व किलवरचे एक्के आहेत आणि तिघांच्या पॉटमध्ये एकाने पूर्ण पॉटएवढी बेट लावून दुसऱ्याने कॉल केला, तर पाने टाकावीत. इतक्या लोकांसमोर नुसती जोडी क्वचितच टिकते.

रमी खेळणाऱ्यांना एक गोष्ट लवकर उमगते: चारही पाने एकमेकांना जोडलेली हवीत. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात. राजा-राणी-गुलाम-दहामध्ये सहाही कामाच्या असतात, तर राजा-राणी-गुलाम-तिर्रीत तिर्री सुटी पडून तीनच उरतात. चारही पाने एकाच चिन्हाची असणे हा फायदा नसून तोटा आहे, कारण आपल्या फ्लशला लागणारी पाने आपणच अडवून ठेवलेली असतात. लहान जोड्यांचेही तेच. पंज्यांचा सेट फ्लॉपवर सुमारे आठांत एकदा लागतो आणि लागला तरी समोर मोठा सेट असण्याची भीती असतेच.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली असल्याने सराव घरच्या टेबलावर, बिनपैशांच्या चिप्सवरच करावा. त्या वेळी एक्के आलेला प्रत्येक डाव सोबतच्या दोन पानांसह आणि त्या वेळच्या स्टॅकसह वहीत लिहून ठेवावा, म्हणजे कोणत्या एक्क्यांनी चिप्स आणल्या आणि कोणत्यांनी घालवल्या, हे वेगवेगळे पाहता येते.