बॅटरीवरचा सेन्सर बनवताय? एन्क्रिप्शन काढू नका
ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपवर दाराचा नाहीतर तापमानाचा सेन्सर बनवणारे बरेच जण बॅटरी वाचवायची म्हणून एन्क्रिप्शनच काढून टाकतात. मनापासून सांगतो, असं करू नका. बॅटरी खातो तो रेडिओ. डीप स्लीपमध्ये चिप काही मायक्रोअँपवर पडून असते आणि वायफाय चालू झालं की करंट शंभर मिलिअँपच्या वर जातो, त्यापुढे एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा खर्च अगदी किरकोळ, आणि त्यासाठी चिपमध्ये वेगळं हार्डवेअर आहेच. टीएलएसचं (इंटरनेटवरच्या सुरक्षित कनेक्शनचं) हँडशेक, म्हणजे सुरुवातीची बोलणी, मात्र महाग पडतं हे खरंय, कारण तेवढा वेळ रेडिओ जागा राहतो. मग दर मिनिटाला पाठवण्यापेक्षा दहा रीडिंग साठवून एकदम पाठवा, पण एमक्यूटीटी (सेन्सरचे मेसेज पाठवायची पद्धत) १८८३ पोर्टवर उघडं सोडू नका, ८८८३ पोर्टवर टीएलएस लावूनच पाठवा.

टीएलएस न घेता स्वतःच एईएस-जीसीएम (एईएस वापरायचा एक प्रकार) वापरत असाल तर नॉन्सकडे, म्हणजे दर पॅकेटला नवा लागणाऱ्या आकड्याकडे, नीट लक्ष द्या, खरी गोची इथेच होते. एका कीबरोबर (गुप्त किल्लीबरोबर) तोच नॉन्स परत वापरायचा नसतो म्हणून आपण नॉन्ससाठी काउंटर ठेवतो, आणि तो आरटीसी मेमरीत (झोपेतही चालू राहणाऱ्या मेमरीत) ठेवला तर डीप स्लीपमध्ये मस्त टिकतो, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काहीच जाणवत नाही. माझ्या सेन्सरचा सेल बदलला तेव्हा काउंटर परत शून्यावर आला, किल्ली मात्र तीच राहिली. आता कोणी आधीची पॅकेट साठवून ठेवली असतील तर त्याच नंबरचं जुनं आणि नवं पॅकेट एक्सॉर केलं (बिटागणिक ताडून पाहिलं) की एन्क्रिप्शन गळून पडतं, एकातलं तापमान माहीत असलं की दुसऱ्यातलं निघालंच. जीसीएममध्ये तर पुढे खोटी पॅकेटसुद्धा बनवता येतात.

यावर उपाय म्हणजे काउंटर फ्लॅशमध्ये ठेवा, पण दर पॅकेटला लिहू नका, फ्लॅश झिजते. सेल घातल्यावर सेन्सर चालू झाला की साठवलेला आकडा वाचा, समजा ४०००, लगेच तिथे ५००० लिहून टाका आणि मगच पहिलं पॅकेट ४००० नंबरने सोडा. ५००० ला पोचलात की आधी ६००० लिहा. मधेच सेल गेला तर काही नंबर वाया जातील, जाऊ देत. आणि घेणाऱ्या बाजूला, शेवटच्या नंबरपेक्षा मोठा नंबर नसेल तर पॅकेट टाकून द्या, म्हणजे जुनं पॅकेट परत पाठवून कोणी फसवू शकत नाही.

प्रत्येक सेन्सरला वेगळी की द्या. ती चिपवरच बनवणार असाल तर वायफाय किंवा ब्लूटूथ चालू असताना बनवा, रेडिओ बंद असताना चिपचा रँडम नंबर भरवशाचा नसतो. सगळीकडे एकच पासवर्ड असला की काय होतं ते २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने दाखवलंय, फॅक्टरीतले साठेक डिफॉल्ट पासवर्ड टेलनेटवर ट्राय करत त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात येतच नाही, पॅकेटमधलं काही वाचता आलं नाही तरी ते कधी गेलं हे दिसतंच. दार उघडल्यावरच पॅकेट जात असेल तर घरात कधी कोणी नसतं हे बाहेर बसून कळतं. म्हणून ताबडतोब अलर्ट लागत नसेल तर ठरलेल्या वेळीच, सारख्याच लांबीचं पॅकेट पाठवा. बॅटरी थोडी जास्त जाईल, माझ्या मते चालेल.

आणि जुना बोर्ड कोणाला देताना आधी ईएसपीटूलने (या चिपच्या फ्लॅशसाठीच्या प्रोग्रॅमने) पूर्ण फ्लॅश पुसा. नुसती यूएसबी लावून फ्लॅश वाचली तरी वायफायचा पासवर्ड त्यात जसाच्या तसा दिसतो. फ्लॅश एन्क्रिप्शन लावलं तर हे टळतं, पण त्यात ईफ्यूज (चिपमधले एकदाच लिहिता येणारे बिट) जळतात आणि ते परत पहिल्यासारखे होत नाहीत, म्हणून आधी एखाद्या जास्तीच्या बोर्डवर करून बघा.