कॉम्प्युटरचा आवाज कमी करताना आणि शांत हार्ड डिस्क घेताना या चुका टाळा

कॉम्प्युटर आवाज करायला लागला की बहुतेक जण आधी पंखा बदलतात, मग कॅबिनेट, आणि हार्ड डिस्ककडे सगळ्यात शेवटी बघतात. पैसे खर्च होतात, घरघर तशीच राहते. आवाज नेमका कुठून निघतो आणि कुठल्या वाटेने कानापर्यंत येतो, हे आधी शोधलं तर निम्म्या वेळा काही विकत घ्यावंच लागत नाही.

आवाज न ओळखता खरेदीला निघणं

एकसारखी, खालच्या पट्टीतली गुणगुण आणि टेबलाला हात लावल्यावर जाणवणारी थरथर हे डिस्कच्या मोटरचं लक्षण. फाईल उघडताना किंवा कॉपी करताना येणारी खडखड हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, इकडून तिकडे हलण्याची. वाऱ्यासारखा सूं आवाज पंख्याचा. गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू होताच बारीक शिट्टी येत असेल आणि ती पडद्यावरच्या हालचालीबरोबर बदलत असेल, तर ती ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलची.

कानाने खात्री होत नसेल तर एकेक भाग वगळून बघा. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, हार्ड डिस्कच्या डेटा आणि पॉवर अशा दोन्ही केबल काढा आणि विंडोज एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर) असेल तर तसाच सुरू करा. गुणगुण गेली तर चोर सापडला. मग पुन्हा बंद करून डिस्क पिंजऱ्यातून, म्हणजे ती बसवलेल्या चौकटीतून, बाहेर काढा, घडी घातलेल्या जाड टॉवेलवर सपाट ठेवा, केबल जोडा आणि सुरू करा. आता आवाज जवळजवळ येत नसेल तर डिस्क ठीक आहे, तिची बसवणूक चुकली आहे. टॉवेलवरही ती तितकीच ओरडत असेल तरच बदलायचा विचार करा. ही तपासणी पाच-दहा मिनिटांत उरका, डिस्क टॉवेलवर कायमची ठेवू नका, आणि फिरत असताना तिला उचलू किंवा तिरपी करू नका. हेड आतल्या फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं.

कॅबिनेटचे पंखेही असेच पाळीपाळीने काढून बघता येतात. सीपीयूचा पंखा मात्र काढू नका.

आरपीएमच्या लेबलावर विसंबणं

5400 आरपीएमची (मिनिटाला 5400 फेरे घेणारी) डिस्क 7200च्या डिस्कपेक्षा शांत असते, हे ढोबळमानाने खरं आहे. पण लेबलावर काय लिहिलंय ते नीट वाचा. वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कवर ‘5400 आरपीएम क्लास’ असं लिहिलेलं असे आणि त्या प्रत्यक्षात 7200ने फिरत. 2020 मध्ये वापरकर्त्यांनी डिस्कचा आवाज रेकॉर्ड करून हे उघडकीला आणलं. कंपनीचं म्हणणं होतं की ‘क्लास’ हा शब्द कामगिरीचा गट सांगतो, वेग नव्हे.

ही तपासणी घरी करणं सोपं आहे. 7200 आरपीएम म्हणजे सेकंदाला 120 फेरे आणि 5400 म्हणजे 90. मोबाईलवर ध्वनी-स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही मोफत ॲप उघडा, मोबाईल डिस्कजवळ धरा आणि टोक 90 हर्ट्झवर आहे की 120वर ते बघा. मोबाईलचा माईक खालच्या पट्टीत कमजोर असतो, म्हणून दुपटीची टोकंही पाहा : 180 किंवा 240.

दुसरी गफलत एकाच मालिकेतल्या क्षमतांची. सीगेटच्या आयर्नवुल्फ मालिकेत काही मॉडेलं 5400ने फिरतात आणि काही 7200ने. मालिकेचं नाव ऐकून दुकानदाराला ‘तीच द्या’ म्हणू नका, पूर्ण मॉडेल नंबर टाकून डेटाशीट उघडा. त्यात तबकड्यांची संख्या दिली असेल तर तीही बघा. वेग सारखा असेल तर कमी तबकड्यांची डिस्क साधारणपणे कमी थरथरते.

‘हेलियम भरलेली म्हणजे शांत’ हाही असाच समज. 2013 मध्ये एचजीएसटी या कंपनीने अशा डिस्क बाजारात आणल्या. हेलियमची घनता हवेच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकी असल्याने आतलं घर्षण आणि वीज वाचते, हे खरं. पण त्या डिस्क सहसा मोठ्या क्षमतेच्या, 7200 आरपीएमच्या, बऱ्याच तबकड्यांच्या असतात आणि हेडचा जुडगा जड असतो. नुसत्या फिरताना त्या सौम्य वाटतील, काम सुरू झालं की खडखड खोलीभर ऐकू येते. सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क स्वस्तात मिळतेय म्हणून बेडरूममधल्या कॉम्प्युटरमध्ये बसवायची चूक इथेच होते.

डेसिबलचे आकडे सरळ ताडून बघणं

एक कंपनी 2.8 बेल लिहिते, दुसरी 27 डेसिबल. एक बेल म्हणजे दहा डेसिबल, म्हणून 2.8 बेल म्हणजे 28 डेसिबल, इथवर हिशोब बरोबर. पण तो आकडा ध्वनिशक्तीचा आहे की ठरावीक अंतरावर मोजलेल्या ध्वनिदाबाचा, ते तळटीपेत असतं. मोकळ्या जागेत कठीण जमिनीवर ठेवलेल्या यंत्राचा एक मीटरवरचा दाब त्याच्या शक्तीपेक्षा सुमारे 8 डेसिबलने कमी भरतो. तळटीप न वाचता केलेली तुलना त्यामुळे एवढ्याने फसू शकते. नुसतं फिरतानाचा आणि हेड हलतानाचा असे दोन आकडे असतात, दोन्ही बघा.

आणि हे आकडे फक्त डिस्कमधून हवेत जाणाऱ्या आवाजाचे असतात. तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्याला ती किती थरथरवेल, हे कुठल्याच डेटाशीटमध्ये नसतं.

डिस्क पत्र्याला आवळून टाकणं

घरातल्या कॉम्प्युटरचा सगळ्यात त्रासदायक आवाज इथे तयार होतो. साडेतीन इंची डिस्क पाऊण किलोपर्यंत वजनाची. ती सेकंदाला 90 किंवा 120 वेळा किंचित हलते, आणि पातळ पत्र्याच्या पिंजऱ्यात चार स्क्रूंनी घट्ट बसवली की पूर्ण कॅबिनेट तिच्याबरोबर गुणगुणतं. बाजूचं झाकण हाताच्या तळव्याने दाबून बघा. आवाज एकदम बदलला किंवा बंद झाला तर थरथर पत्र्यात पोचली आहे.

उपाय स्वस्त आहेत. पिंजऱ्याला रबरी वॉशरची सोय असेल तर ते वॉशर आणि त्यांच्यासोबतचे लांब, खांदा असलेले स्क्रू वापरा. स्क्रू खांद्यापर्यंतच जाऊ द्या. रबर चेपून चपटं झालं तर त्याचा उपयोग संपला. साडेतीन इंची डिस्कला 6-32 आट्याचा स्क्रू लागतो, अडीच इंचीला एम 3. हाताशी आला तो स्क्रू जबरदस्तीने पिळला तर आटे जातात आणि डिस्क कायमची सैल बसते. प्लास्टिकच्या सरकत्या ट्रेमध्ये डिस्क खुळखुळत असेल तर ट्रेच्या दोन्ही कडांना पातळ फोमची पट्टी चिकटवा.

यापेक्षा चांगला परिणाम हवा असेल तर डिस्क इलॅस्टिकवर टांगा. सव्वापाच इंची रिकामा कप्पा यासाठी उत्तम. शिवणकामाच्या दुकानात मिळणारं गोल, जाड इलॅस्टिक कप्प्याच्या भोकांतून दोन ठिकाणी ओवून फास करा आणि डिस्क मधोमध अशी ठेवा की ती कुठल्याही बाजूने पत्र्याला टेकणार नाही. साटा केबल (डिस्कची डेटा केबल) ताठ असेल तर तिच्यातूनही थरथर जाते, म्हणून केबलला मोकळा बाक ठेवा. आतल्या उष्णतेने इलॅस्टिक सैल पडतं, तेव्हा दर सहा महिन्यांनी ताण तपासा, आणि कॉम्प्युटर कुठेही हलवण्याआधी डिस्क काढून घ्या. ऑफिसच्या किंवा वारंवार प्रवास करणाऱ्या मशीनमध्ये हा उपाय नको.

दोन डिस्क एकाच पिंजऱ्यात असल्या की आणखी एक प्रकार होतो. दोघींचा वेग कागदावर सारखा असला तरी किंचित फरक असतोच. तंबोऱ्याच्या दोन तारा जराशा बेसूर असल्या की आवाज जसा लाटेसारखा चढतो-उतरतो, तशी इथे दर काही सेकंदांनी घूं-घूं वाढते आणि ओसरते. कान तिच्याकडे पुन्हापुन्हा ओढला जातो. पंखे बदलून ही लाट जाणार नाही. एक डिस्क दुसऱ्या जागी हलवा, किंवा दोन्हींना रबर लावा.

फोममध्ये गुंडाळणं

डिस्क काम करताना 5 ते 8 वॅट उष्णता टाकते. चारही बाजूंनी फोम लावला तर ती आतच राहते. बहुतेक घरगुती डिस्कची मर्यादा 60 अंश सेल्सिअस असते, पण 45च्या आत ठेवणं शहाणपणाचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम तापमान दाखवतो. इलॅस्टिकवर टांगलेल्या डिस्कलाही पत्र्याकडून मिळणारा गारवा नसतो, म्हणून समोर 500-600 आरपीएमवर फिरणारा एक पंखा हवाच. हवा भरलेल्या डिस्कवर एक बारीक श्वासछिद्र असतं, त्यावर टेप लावू नका.

शांततेसाठी डिस्क सारखी बंद-चालू करणं

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ सहसा 20 मिनिटं असते. ती 2-3 मिनिटांवर आणली की डिस्क दिवसभर थांबते आणि पुन्हा उठते. प्रत्येक वेळी फिरण्याचा चढता आवाज, सात-आठ सेकंदांचं खोळंबणं आणि मोटरवर ताण. ज्या डिस्कवर फक्त फोटो आणि बॅकअप आहेत, ती 20-30 मिनिटांनी थांबू द्या. टोरंट, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा विंडोजच जिच्यावर आहे, ती थांबवूच नका. खरा फरक पडतो तो विंडोज आणि रोजचे प्रोग्राम एसएसडीवर हलवल्याने. मग हार्ड डिस्कच्या हेडला दिवसभर फारसं काम उरत नाही आणि खडखड आपोआप थांबते.

काही डिस्क काही सेकंद काम नसलं की हेड बाजूला ठेवतात आणि ‘टक्’ असा आवाज येतो. स्मार्ट माहितीतला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला) 193 क्रमांकाचा आकडा दिवसाला शेकड्यांनी वाढत असेल तर हेच चाललंय. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, एएएम/एपीएम कंट्रोल इथे जाऊन एपीएम, म्हणजे डिस्कची वीज वाचवणारी सोय, कमाल मूल्यावर न्या किंवा बंद करा. डिस्कला ती सोय असेल तरच हे चालेल, आणि रीस्टार्टनंतर मूल्य परत जातं, म्हणून आपोआप लागू करण्याचा पर्यायही निवडा. हेडची चाल मंद करणारी एएएम सोय मात्र आता बहुतेक नव्या डिस्कमध्ये मिळत नाही.

नेहमीचा आवाज आणि बिघाड यांत गल्लत

सर्व्हर दर्जाच्या काही डिस्क रिकाम्या असतानाही साधारण दर पाच सेकंदांनी ‘ठप्’ करतात. हेड एकाच जागी राहून झीज होऊ नये म्हणून ते मुद्दाम हलवलं जातं. तो बिघाड नाही आणि बंदही करता येत नाही. एसएमआर प्रकारच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर मोठी फाईल टाकल्यावर कॉपी संपूनही बराच वेळ खरखर चालू राहते, कारण डिस्क आतला डेटा पुन्हा रचत असते. शांतता हवी असेल तर घेतानाच सीएमआर (पट्ट्या वेगवेगळ्या ठेवणारी) आहे का ते विचारा.

याउलट, लयीत ‘टक्-टक्-टक्’ आणि मग डिस्क गायब होणं, किंवा फिरता फिरता थांबून पुन्हा सुरू होणं, हे धोक्याचं. आधी पॉवरचा कनेक्टर नीट बसलाय का बघा आणि एसएमपीएसची (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची) दुसरी वायर लावून बघा, कारण कमी व्होल्टेजनेही हेच होतं. स्मार्टमधले 5, 197 आणि 198 हे आकडे शून्यावरून वाढायला लागले असतील तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे घ्या. आवाजाचा उपाय नंतर.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाईन ‘नवी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त डिस्कचे चालू तास दुकानातच तपासा. हजारो तास दिसले तर बेअरिंगची झीज तुमच्या वाट्याला आली. सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीही बघून घ्या.

पंखे कमी करणं

पंखा अर्ध्या वेगावर आणला तर त्याचा आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा पंखा जोडला तर फक्त 3 डेसिबल वाढतात. म्हणून 1200 आरपीएमच्या एका पंख्यापेक्षा 600-700च्या दोन 120 मिलिमीटर पंख्यांनी काम भागतं आणि कानही सुटतात. तीन पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) त्या हेडरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या जोडणीला, डीसी मोड द्या. पीडब्ल्यूएम या चार पिनांच्या पंख्यासाठीच्या मोडवर ठेवला तर तो कायम पूर्ण वेगाने फिरेल.

क्रोमची एक टॅब उघडली तरी पंखा उसळी घेतो, हा त्रास वेग बदलण्याआधीचा थांबा वाढवून जातो. बायोसमध्ये ‘स्टेप अप’ वेळ चार-पाच सेकंद करा. थंडीत केलेली सेटिंग मेमध्ये चालेल असं समजू नका. डिसेंबरात खोली 22 अंशांवर असते, नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात ती 40 ओलांडते. बायोसमधला तापमान आणि पंख्याच्या वेगाचा पूर्ण आलेखच 12-15 अंशांनी उजवीकडे सरकवा, नाहीतर पंखे दिवसभर शंभर टक्क्यांवर राहतील.

धूळ काढताना ब्लोअरने पाती गरागरा फिरू देऊ नका, बोटाने धरून ठेवा. खडखडणाऱ्या जुन्या पंख्यात तेल घातलं तर काही आठवडे बरं वाटतं, नंतर तोच आवाज परत येतो. पंखा बदला. एसएमपीएसचा पंखा वाजत असेल तर तो डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. इन्व्हर्टरवर गेल्यावरच एसएमपीएस गुणगुणत असेल तर दोष बहुधा इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीचा आहे, प्युअर साइन वेव्ह यूपीएसवर लावून बघा.

जागेकडे दुर्लक्ष

पोकळ प्लायवूडच्या टेबलावर ठेवलेलं कॅबिनेट टेबललाच वाजवतं. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं तर खालची गुणगुण आणखी भरते. खाली योगा मॅटचे चार दुमडलेले तुकडे ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, आणि कडप्प्यावर ठेवलंत तरी हे तुकडे काढू नका. कॅबिनेटला आतून लावायचे जाड शीट पंख्याची वरची सूं थोडी खातात, डिस्कची 120 हर्ट्झची गुणगुण त्यांना जुमानत नाही. तिच्यासाठी रबर किंवा इलॅस्टिकच लागतं.